डबा भरलेला आहे

टेंपो मागे मागे येत शेडच्या दारात थांबला, तेव्हा जाईबाईला वाटलं, काथ्याच्या गाद्या आल्या असतील. तिने मान वर केली नाही. हिरव्या रेक्झीनच्या दोन कडा जुळवून मधून पायपिंगची गोल किनार घालायचं काम असं होतं, की नजर जरा हलली की शिवण नागमोडी जायची आणि मग सगळं उसवत बसावं लागायचं. पण टेंपोतून गाद्या उतरल्याच नाहीत. दोन हमाल रिकाम्या हातांनी आत आले आणि रांगेतल्या शेवटच्या मशीनला त्यांनी दोन्ही बाजूंनी हात घातला. ते मशीन सखूचं. सखू अजून स्टुलावरच बसलेली होती.

“अहो, हे काय? माझी शिलाई अर्धी आहे,” सखू म्हणाली.

“उठा मावशी. मशीन न्यायचीय.”

सखू उठली. तिचा स्वभावच तसा. कुणी ऊठ म्हटलं की उठायची.

वाशीजवळच्या पावणे गावातल्या त्या कारखान्यात रेल्वेच्या डब्यांचं आतलं सामान बनायचं. डब्यांचे सांगाडे दूर दुसऱ्या मुलखात तयार होत. बसायच्या शिटा, सामान ठेवायचे रॅक, खिडक्यांच्या चौकटी इथून जात. त्र्याऐंशी साल होतं. सकाळी एका शहरातून निघून संध्याकाळी परत येणाऱ्या गाड्यांसाठी रेल्वेला नव्या तऱ्हेचे डबे हवे होते. पुण्याला, नाशकाला, मनमाडला जाणाऱ्या गाड्या. त्यांत लाकडी बाक नकोत, झोपायच्या फळ्या नकोत. माणसागणिक एक मऊ शीट हवी, पाठीला टेकायला आणि हात ठेवायला जागा हवी. त्या दिवसांत पावण्याच्या आसपास आगगाडी धावत नव्हती. वाशीचा पूल ओलांडायचा तर बस, ठाण्याला जायचं तर बस. शिटा शिवणाऱ्या बायकांतल्या कितीतरी जणी उभ्या जन्मात गाडीत बसल्या नव्हत्या.

जाईबाई बसली होती. बहात्तरच्या दुष्काळात जालन्याकडचं गाव सुटलं, तेव्हा नवऱ्याबरोबर ती मनमाडहून दाराशी उकिडवी बसून आली होती. नवरा भगवान तुर्भ्याच्या खाणीत दगड फोडायला लागला आणि तीही काही वर्षं पाट्या उचलत राहिली. पुढे वस्तीतल्या बुद्धविहारात शिवणाचा वर्ग निघाला. तिथं ती मशीन शिकली आणि पाटी सुटली. कारखान्यात शिलाईवर घेतलेली पहिली बाई तीच. नंतर शिरवण्याची गोजरा आली. तिच्या बापाची भातखाचरं नव्या शहरासाठी गेली होती आणि घरात कमावतं दुसरं कुणी नव्हतं. कोपरखैरण्याला राहणारी, मूळची महाडकडची सखू आली. एकेक करत रांग भरली.

शेडच्या मधोमध डब्याचा नमुना उभा होता. अख्खा डबा नव्हे, त्याचा एक तुकडा. लाकडी ठोकळ्यांवर चढवलेला, बाहेरून पत्र्याचा, आतून खऱ्या डब्यासारखा. मधे वाट, दोन्ही बाजूंना शिटांच्या ओळी, वर रॅक, छताला पंखे, वर-खाली होणाऱ्या खिडक्या आणि चढायला एक अरुंद दार. रेल्वेचे साहेब येऊन हा नमुना बघणार आणि पसंत पडला की पुढची मोठी ऑर्डर मिळणार. त्यासाठी बायकांनी हिवाळाभर शिटा शिवल्या, उसवल्या, पुन्हा शिवल्या. मॅनेजर जयप्रकाश साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, “नमुना पास झाला की तुम्ही सगळ्या कायम.” पाहणी आज तीन वाजता होती.

आणि आजच मशीनं चालली होती.

जाईबाईने हातातली शिलाई बाजूला ठेवली आणि ती दाराशी गेली. टेंपोचा ड्रायव्हर बंडू बोनेटला टेकून विडी ओढत होता.

“कुठं नेताय?”

“कुर्ल्याला. तिथं शेठनी शिलाईचं काम दिलंय ना एकाला. त्याचे कारागीर बसणार मशीनवर.” बंडू सहज बोलून गेला. मग तिच्या तोंडाकडे बघून त्याने विडी विझवली. “तुमाला सांगितलं नाय का?”

तेवढ्यात जयप्रकाश साहेब लगबगीने आले. पस्तिशीचा माणूस, वाशीच्या नव्या सोसायटीत राहणारा, एरवी कुणाला वावगं न बोलणारा. आज त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता आणि सकाळीच तो पाठीवर ओला झाला होता. मे महिना होता, वर पत्र्याचं छप्पर.

“बायकांनो, आज सुट्टी. शेड साफ करायचीय, पाहुणे येणार आहेत. मागच्या गेटने जा.”

“उद्या कवा यायाचं?” गोजराने विचारलं.

“कळवू.”

“कळवू म्हंजे?”

“म्हणजे कळवू. टेन्शन घेऊ नका.”

जाईबाई म्हणाली, “साहेब, मशीनं कुर्ल्याला चाललीत. मग आम्हाला कळवणार काय?”

जयप्रकाश साहेबांनी बंडूकडे बघितलं. बंडूने दुसरीकडे बघितलं.

“हे बघा, निर्णय शेठचा आहे,” ते आवाज उतरवून म्हणाले. “कायम करायचं म्हटलं की शंभर भानगडी. तिकडे संपानं गिरण्यांचं काय झालं बघताय ना? शेठ घाबरलेत. मी तरी काय करू?”

बायका एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या. दोघी-तिघींनी खुंटीवरच्या पिशव्या काढल्यासुद्धा. हमालांनी दुसरं मशीन उचललं. गोजरा जाईबाईच्या कानाशी लागून म्हणाली, “बाय, टेंपोच्या म्होरं झोपू या. बगू कसा जातो.”

जाईबाईने टेंपोकडे बघितलं. त्याच्यापुढे झोपलं तर चार गडी येतील, हाताला धरून ओढत बाजूला करतील, आणि रस्त्यावर तमाशा तेवढा होईल. तिची नजर शेडमधून फिरत डब्याच्या नमुन्यावर गेली. आज शेठला कशाची सगळ्यांत जास्त गरज आहे, ते समोर ठोकळ्यांवर उभं होतं. दार एकच, तेही एका वेळी एकच माणूस जाईल एवढं.

ती डब्याकडे चालायला लागली. पायरीवर पाय ठेवला, दांडा धरला आणि आत चढली. खिडकीजवळच्या शिटेवर जाऊन बसली. स्वतः शिवलेल्या शिटेवर ती तोवर कधी बसली नव्हती. बसायला बंदी होती, डाग पडतात म्हणून.

गोजरा तिच्यामागून आली. मग एकेक करत बाकीच्या. पिशव्या काढलेल्यांनी त्या रॅकवर ठेवल्या. सखू खाली उभी होती. तिला चढायचं होतं आणि भीतीही वाटत होती.

“सखूबाई, वर या. खिडकीची जागा हाय,” गोजराने आतून हाक मारली.

सखूने पदर खोचला आणि ती चढली.

जयप्रकाश साहेब पायरीशी येऊन उभे राहिले. पहिल्यांदा त्यांनी समजावलं, मग रागावले, मग पोलिसांचं नाव काढलं. डब्यात चढायला त्यांनी एक पाय उचलला, तर दारातल्या पहिल्या शिटेवर बसलेली गोजरा वाटेत पाय पसरून म्हणाली, “जागा नाय साहेब. डबा भरलाय.”

आत बायका हसल्या. साहेबांनी पाय खाली घेतला. हाताला धरून बायकांना खाली ओढायचं त्यांच्या अंगातच नव्हतं आणि हमालही मागे सरले. “आमचं काम मशीन उचलायचं,” त्यांच्यातला एक म्हणाला, आणि ते उरलेली मशीनं टेंपोत रचायला गेले; टेंपो मात्र गोंधळ मिटेपर्यंत दाराशीच थांबवून ठेवला.

मग साहेबांनी मेन स्विच बंद केला. छताचे पंखे गरगरत थांबले. थोड्याच वेळात डब्याचा पत्रा तापला, नव्या रेक्झीनचा उग्र वास उठला आणि पाठी शिटांना चिकटायला लागल्या. बायकांनी खिडक्या वर केल्या. जेवणाची वेळ झाली तेव्हा त्यांनी तिथंच डबे सोडले. भाकरी, सुकटीची चटणी, कुणाकडे वांग्याचं भरीत. नव्या शिटेवर चटणीचा तेलकट थेंब पडला, तर सखू तो पदराने पुसायला लागली.

“राहू दे गं,” जाईबाई म्हणाली.

“असं कसं? आपलंच काम आहे ते,” सखू म्हणाली आणि पुसत राहिली.

दुपारी साहेबांनी भगवानला आणवलं. खाणीवर माणूस पाठवला होता, ‘बायकोने कारखान्यात गोंधळ घातलाय’ असा निरोप देऊन. भगवान डोक्यापासून पायापर्यंत दगडाच्या पांढऱ्या भुकटीने माखलेला होता. तो खिडकीखाली येऊन उभा राहिला. सगळा कारखाना बघत होता.

“जाई, उतर खाली.”

“मशीनं नेतायत. आमाला काढलंय.”

“ऐकलं मी. काढलं तर काढलं. दुसरं काम बघू. चल.”

“न्हाई.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत तिने त्याला ‘न्हाई’ म्हटलं नव्हतं. भगवानचा चेहरा भुकटीखालीही लाल झाल्यासारखा दिसला.

“माझी अब्रू घालवायला बसलीस काय?”

“तुमची कशी जाईल? तुम्ही काय केलंय?” ती खाली वाकून हळू म्हणाली. “अवो, खाणीवर मी पाट्या वाहिल्या, मुकादम म्हणला उद्या येऊ नको, की आपण गप घरी. दर वेळी तेच. ह्या बारीला मी उठणार न्हाई. तुम्ही जा कामावर.”

भगवान पाठ फिरवून चालता झाला. ती त्याच्या पाठीकडे गेटपर्यंत बघत राहिली. घरी गेल्यावर काय होईल, हे तिला सांगता आलं नसतं. पण ती उठली नाही.

अडीचच्या सुमाराला शेठ आले. जाड भिंगांचा चष्मा, सफारी, हातात रुमाल. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डब्याला एक फेरी मारली, घड्याळ बघितलं आणि जाईबाईला खिडकीशी बोलावलं.

“बाई, तू इथली सगळ्यांत जुनी. तुझं काम मला माहीत आहे. तुला मी ठेवतो. कायम. कुर्ल्याच्या मालाची तपासणी तू करायची. फक्त आता ह्यांना घेऊन खाली उतर.”

“आणि ह्या?”

“त्यांचं बघू पुढे.”

हे बोलणं डब्यात सगळ्यांना ऐकू गेलं होतं. सखू शिटेच्या कडेची शिवण बोटाने चाचपत होती. जाईबाईला एक क्षण आपलं घर दिसलं, कायमची नोकरी दिसली, पावसाळ्यात न गळणारं छप्पर दिसलं. नाही दिसलं असं म्हणणं खोटं ठरेल. मग तिला शेठच्या तोंडचं ‘बघू’ आठवलं आणि सकाळचं ‘कळवू’ आठवलं.

“शेठ, ज्यांची शिलाई तपासायची त्या ह्याच बाया असतील तर तपासते,” ती म्हणाली. “दुसऱ्यांची न्हाई.”

शेठने रुमालाने मान पुसली. काही बोलणार तोच गेटवरून रखवालदार धावत आला. गाडी आली होती.

रेल्वेचे तिघे साहेब शेडमध्ये आले. त्यांतले मोठे साहेब पिकल्या केसांचे, अंगाने सडपातळ होते. डब्याच्या खिडक्यांतून घामेजलेल्या बायका बाहेर बघत होत्या. साहेब थबकले.

“हे काय आहे?”

शेठ क्षणभरही अडखळले नाहीत. हसून म्हणाले, “म्हटलं साहेब, रिकामा डबा काय दाखवायचा? प्रवासी बसल्यावर कसा दिसतो ते बघा. मुद्दाम बसवलीत माणसं.”

“छान,” मोठे साहेब म्हणाले. “चांगली कल्पना आहे.”

जयप्रकाश साहेबांनी धावत जाऊन मेन स्विच लावला. पंखे फिरायला लागले. वारा अंगावर आला तसा कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. शेठने जाईबाईकडे बघितलं. ते बघणं जवळजवळ विनवणीचं होतं. गप्प बसलं असतं तर दिवस निभावला असता. पाहुण्यांनी चहा घेतला असता आणि संध्याकाळी टेंपो कुर्ल्याला गेला असता.

जाईबाई उभी राहिली. तिने पुढच्या शिटेची पाठ धरली.

“साहेब, आम्ही प्रवासी न्हाई. ह्या शिटा आम्ही शिवल्यात. आज आमाला काढलंय, म्हणून बसलोय.”

मोठ्या साहेबांना अवघडल्यासारखं झालं. “हे तुमचं आपसातलं आहे,” ते शेठला म्हणाले. “मी नमुना बघायला आलोय. यात मी पडणार नाही.”

आणि ते खरंच पडले नाहीत. त्यांनी आपलं काम सुरू केलं. डब्यात चढले. गोजराने या वेळी पाय आवरून घेतले. त्यांनी रॅक हाताने हलवून पाहिले, खिडक्या वर-खाली केल्या, दोन ओळींमधली जागा मोजली. एका शिटेची शिवण जवळून बघायची होती, तिच्यावर सखू बसलेली.

“जरा उठता का?”

सखूने जाईबाईकडे बघितलं. मग साहेबांकडे बघून म्हणाली, “नाही उठणार साहेब. तुमी बाजूनं बगा. शिलाई सगळीकडे सारखीच आहे.”

साहेब खाली वाकले आणि बाजूने बघू लागले. सखू बसून राहिली. जाईबाईला त्या क्षणी जितकी हिंमत आली, तितकी सगळ्या दिवसात आली नव्हती.

साहेब खाली उतरले. “काम चांगलं आहे,” ते म्हणाले. “आता शिलाई विभाग दाखवा.”

जयप्रकाश साहेब चपलांकडे बघत राहिले. भिंतीकडेला मशीनांच्या जागी नुसते स्टूल होते आणि फरशीवर तेलाचे डाग.

“टेंपोत हाय तो,” गोजरा खिडकीतून म्हणाली. “तिकडं, दाराशी.”

मोठे साहेब दाराशी गेले. त्यांनी टेंपोत एकावर एक रचलेली मशीनं बघितली. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सरकारी झाला होता.

“मी जो माल पास करतो, तो जिथे बनतो ती जागाही मला बघावी लागते. इथे शिलाईच होत नसेल, तर मी पास काय करू? पुढच्या आठवड्यात येतो. तेव्हा मशीनं जागेवर पाहिजेत, आणि चालू पाहिजेत. तोवर नमुना राहू दे.”

ते चहा न घेताच गेले.

त्यानंतर बराच वेळ शेठ ऑफिसात दार लावून बसले. बायका डब्यातच होत्या. उन्हं कलली, तेव्हा हमालांनी मशीनं उतरवायला सुरुवात केली आणि जयप्रकाश साहेब डब्याशी आले.

“सगळ्यांनी उद्यापासून कामावर या,” ते म्हणाले. “जाईबाई सोडून.”

जाईबाईने मान हलवली. तिला तसं काहीसं अपेक्षित होतंच. ती रॅकवरची पिशवी काढायला उठली. “जा गं तुम्ही,” ती म्हणाली. “मशीनं उतरली ना, झालं. माझं मी बघीन.”

“कुठं निघालीस?” सखू म्हणाली. तिचा आवाज एरवीपेक्षा मोठा होता. “बस खाली. आमाला सकाळपासून बसवलंस ते काय एकटीनं उतरायला? साहेब, ही नाही तर कोणच नाही. जाऊन सांगा शेठना. आमाला घाई नाही.”

गोजराने रॅकवरून काढलेल्या सगळ्या पिशव्या पुन्हा वर टाकल्या.

जयप्रकाश साहेब ऑफिसात गेले, परत आले, पुन्हा गेले. तिसऱ्या खेपेला येऊन एवढंच म्हणाले, “सगळ्या या.” आणि मग, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, “उतरा आता. मला घरी जायचंय.”

जाईबाई बाहेर आली तेव्हा रस्त्यापलीकडच्या पानटपरीशी भगवान उभा होता. तो खाणीवर गेलाच नव्हता. अंगावरची भुकटी घामाने ओघळून त्याच्या मानेवर रेघा उमटल्या होत्या. दोघं वस्तीकडे चालायला लागली. बरंच अंतर तो पुढे आणि ती मागे.

“ठेवलं का?” त्याने वळून न बघता विचारलं.

“ठेवलं.”

पुढे नाल्यावरच्या फळीपाशी तो थांबला, ती जवळ येईपर्यंत. “मला जमलं नसतं,” तो म्हणाला. तिथून पुढे दोघं बरोबरीने चालली.

नमुना पुढच्या आठवड्यात पास झाला. पण गोष्ट तिथं सरळ झाली नाही. दिवाळीला निम्म्या बायका कायम झाल्या, बाकीच्यांसाठी पुढच्या वर्षी युनियन करून पुन्हा काम बंद ठेवावं लागलं, तेव्हा कुठे त्यांचं झालं. नवे डबे रुळांवर आले. गोजराचं लग्न झालं, ती नवऱ्याबरोबर नाशिकला जाऊन आली आणि आल्यावर दोन दिवस शिटांबद्दल बोलत होती. शेठने मात्र जाईबाईला मशीनवर परत बसू दिलं नाही. तिला काथ्या भरायच्या कोपऱ्यात टाकलं, जिथं दिवसभर धुळीत उभं राहायचं आणि संध्याकाळी खोकताना घसा सोलून निघायचा. ती कंटाळून आपणहून सोडून जाईल, असा हिशेब होता. ती गेली नाही. नाकाला फडकं बांधून ती रोज भोंग्याच्या आधी हजर असायची.

दोन वर्षांनी एका दुपारी जयप्रकाश साहेब त्या कोपऱ्यात आले.

“जाईबाई, शेठचा राग आता उतरलाय. एकदा ऑफिसात जा आणि चुकलं म्हणून सांगा. नुसतं तोंडाने. उद्यापासून मशीन तुमचं.”

जाईबाईने तोंडावरचं फडकं खाली केलं.

“साहेब, काय चुकलं म्हणून सांगू?”

“अहो, काहीही सांगा. बोलायचं म्हणून बोलायचं.”

“मला मशीन पाहिजे,” ती म्हणाली. “तसा अर्ज मी तुमच्याकडं चारदा केलाय, पाचव्यांदा करीन. युनियनकडून बी करीन. पण चुकलं न्हाई म्हणणार. शेठना सांगा, त्या दिवशी जशी बसले होते, तशीच अजून बसलीय.”

साहेब निघून गेले. तिने फडकं पुन्हा नाकावर चढवलं, काथ्याचा गठ्ठा पुढ्यात ओढला आणि दोन्ही हातांनी तो पिंजायला घेतला.